दोन राजभवनं आणि एक पोलीस अधिकारी

सप्टेंबर २०२१ मध्ये नागालँडच्या राज्यपालांची बदली तामिळनाडूत झाली. कोहिमात निरोप समारंभ ठरला आणि कोहिमा प्रेस क्लबने त्यावर बहिष्कार टाकला. पत्रकारांची तक्रार एवढीच होती की हे गृहस्थ दोन वर्षं राजभवनात होते, त्यांची गाठ घ्यायचा प्रयत्न अनेकदा झाला, पण ते प्रसारमाध्यमांशी बोललेच नाहीत. मग निरोपाला तरी कशाला जायचं?

हे राज्यपाल म्हणजे रवींद्र नारायण रवी. १९५२ साली पाटण्यात जन्म, भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, काही काळ पत्रकारिता आणि १९७६ पासून भारतीय पोलीस सेवेत, केरळ केडर. म्हणजे ज्यांनी पत्रकारांना दोन वर्षं दारात उभं केलं नाही, ते स्वतः कधीकाळी पत्रकार होते.

माणूस चांगला की वाईट, हा या प्रकरणाचा विषय नाही. मला पाहायचंय ते असं, की गुप्तवार्ता खात्यात घडलेला अधिकारी घटनात्मक पदावर बसतो तेव्हा त्याच्या जुन्या सवयींपैकी कोणत्या कामाला येतात आणि कोणत्या आड येतात. रवी यांच्या बाबतीत ही तपासणी दोनदा करता येते, कारण त्यांना दोन अगदी वेगळी राज्यं मिळाली.

पोलीस अधिकारी राज्यपाल होणं हे आपल्याकडे अपूर्व नाही. टी. व्ही. राजेश्वर आणि एम. के. नारायणन हे गुप्तवार्ता विभागाचे दोन माजी प्रमुख कोलकात्याच्या राजभवनात राहून गेले. वेद मारवाह मणिपूर आणि झारखंडला होते. नागालँडला तर अशा अधिकाऱ्यांची रांगच आहे: श्यामल दत्ता, निखिल कुमार, अश्वनी कुमार आणि रवी. दिल्लीच्या लेखी कोहिमाचं राजभवन म्हणजे काही अंशी ठाणंच, असं या यादीवरून वाटलं तर त्यात वाटणाऱ्याची चूक नाही. आपल्याकडे पोलीस अधिकारी म्हटलं की मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेल्या ज्युलिओ रिबेरोंसारखा खाकीतला, रस्त्यावर दिसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. रवी त्या जातीचे नव्हेत. केरळातल्या जिल्ह्यांमधली सुरुवातीची वर्षं सोडली तर त्यांचं आयुष्य सीबीआय आणि मुख्यतः आयबीमध्ये, म्हणजे गुप्तवार्ता विभागात, गेलं. ठाण्यातल्या पोलिसाला निदान स्टेशन डायरी लिहावी लागते आणि पंचनाम्यावर चार लोकांच्या सह्या घ्याव्या लागतात. लखोट्यातल्या पोलिसाचं सगळं काम न दिसण्यावर चालतं.

टेबलाच्या पलीकडे मुईवा

२०१२ मध्ये निवृत्त झाल्यावर रवी वृत्तपत्रांत लिहू लागले. ईशान्य भारत हा त्यांचा विषय होता आणि तिथल्या सशस्त्र संघटनांशी केंद्र सरकार ज्या पद्धतीने बोलणी करतं, त्यावर ते सडकून टीका करत. २०१४ मध्ये सरकार बदललं, रवी संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये नागा बोलण्यांसाठी केंद्राचे मध्यस्थही. टीकाकारालाच टेबलावर बसवण्यात आलं.

ही बोलणी तेव्हा सतरा वर्षं जुनी होती. एनएससीएन (आयएम) या, नागांच्या वेगळ्या राष्ट्रासाठी लढणाऱ्या सर्वांत बलाढ्य संघटनेशी शस्त्रसंधी झाली १९९७ मध्ये. त्यानंतर स्वराज कौशल, मग जवळजवळ दशकभर महाराष्ट्र केडरचे माजी केंद्रीय गृहसचिव के. पद्मनाभय्या, मग आर. एस. पांडे, असे मध्यस्थ येऊन गेले. हाती फारसं काही लागलं नाही. रवी यांनी वर्षभरात सही मिळवून दाखवली.

३ ऑगस्ट २०१५ रोजी, पंतप्रधानांच्या निवासस्थानी, पंतप्रधानांच्या समोर. सरकारतर्फे सही रवी यांची, संघटनेतर्फे थुईंगालेंग मुईवा यांची. दुसरे ज्येष्ठ नेते इसाक चिशी स्वू तेव्हा रुग्णालयात होते आणि पुढच्याच वर्षी ते वारले. कागदाचं नाव होतं चौकट करार. ‘ऐतिहासिक’ हा शब्द त्या संध्याकाळी भरपूर वापरला गेला.

पण करारात लिहिलंय काय, हे जाहीर झालं नाही. नागालँडच्या जनतेला कळलं नाही आणि शेजारच्या मणिपूर, आसाम, अरुणाचलला तर नाहीच नाही. ज्यांच्या जमिनीवरून ‘नागालीम’चा, म्हणजे सगळ्या नागांच्या एकत्र प्रदेशाचा, नकाशा जातो त्या राज्यांच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं.

इथे मध्यस्थाची बाजू समजून घ्यायला हवी. अर्धवट पिकलेला करार चव्हाट्यावर आणला तर दोन्हीकडचे कडवे लोक त्याचा फडशा पाडतात. बोलणी चालू असताना तोंड बंद ठेवणं हा शहाणपणाच आहे, आणि ज्याला तो आयुष्यभर अंगवळणी पडलाय असा माणूस नेमणं ही चूक नव्हे. शब्द मुद्दाम ढिले ठेवणं हीही जुनी युक्ती. दोघांनी एकाच वाक्यावर सही करायची आणि आपापल्या घरी जाऊन वेगवेगळा अर्थ सांगायचा. तह बहुतेक वेळा असेच होतात.

अडचण अशी की अशा ढिल्या वाक्यांना मुदत असते, आणि पाच वर्षांनी ती संपली. ऑगस्ट २०२० मध्ये एनएससीएन (आयएम) ने कराराचा मसुदा स्वतःच जाहीर केला. त्यात सार्वभौम सत्ता वाटून घेण्याची आणि दोन घटकांच्या शांततापूर्ण सहजीवनाच्या टिकाऊ, सर्वसमावेशक, नव्या नात्याची भाषा होती. संघटनेचा आरोप होता की रवी यांनी इतर गटांना दाखवलेल्या प्रतीतून ‘नवं’ हा शब्द गाळला. आता एका विशेषणावरून एवढा गदारोळ कशासाठी, असं आपल्याला इथे बसून वाटेल. पण ‘दोन घटकांचं नवं नातं’ म्हणजे आजवरचं नातं मान्य नव्हतं आणि आता बरोबरीने बांधायचं आहे. ‘नवं’ काढलं की उरतं ते चालू व्यवस्थेत राहणं. पन्नासहून अधिक वर्षांची लढाई त्या एका शब्दात होती.

रवी यांनी आणखी एक गोष्ट केली होती, आणि ती माझ्या मते त्यांची सर्वांत धोरणी खेळी होती. त्यांनी इतर नागा राष्ट्रीय राजकीय गटांना एकत्र आणून १७ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांच्याशी वेगळा सहमती-दस्तऐवज केला. त्यामुळे एनएससीएन (आयएम) ची ‘नागांच्या वतीने आम्हीच’ ही मक्तेदारी मोडली. चर्चा एका टेबलाऐवजी दोन टेबलांवर गेली. ज्यांना यात फूट पाडणं दिसलं त्यांना ते तसं दिसलं. ज्यांना प्रतिनिधित्व वाढलेलं दिसलं तेही खोटं बोलत नव्हते.

दोन टोप्या

२०१८ मध्ये रवी उप राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले आणि १ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांनी नागालँडच्या राज्यपालपदाची शपथ घेतली. मध्यस्थपद त्यांच्याकडेच राहिलं.

प्रकरणाची गाठ इथे आहे. मध्यस्थ म्हणून ते ज्यांच्याशी बोलतात त्यांना करारात ‘घटक’ असा मान आहे. राज्यपाल म्हणून ते ज्या राज्याचे प्रमुख आहेत त्या राज्यात हीच संघटना दुकानदार, ठेकेदार आणि सरकारी नोकर यांच्याकडून ‘कर’ गोळा करते. टेबलावर जो बरोबरीचा, तो राजभवनाच्या खिडकीतून पाहिलं की खंडणीखोर. एकाच माणसाने सकाळी एक आणि दुपारी दुसरं कसं म्हणायचं?

मुहूर्तही विचित्र लागला. शपथेनंतर चारच दिवसांनी, ५ ऑगस्टला, जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा गेला. वेगळा ध्वज आणि वेगळी घटना मागणाऱ्या नागांनी तो दिवस कसा वाचला असेल, हे सांगायला नको. दोन महिन्यांनी, १८ ऑक्टोबर २०१९ रोजी, रवी यांनी निवेदन काढलं: बंदुकीच्या सावलीत अंतहीन वाटाघाटी चालणार नाहीत, ध्वज आणि घटनेचा मुद्दा काढून एनएससीएन (आयएम) चालढकल करते आहे. ३१ ऑक्टोबरची मुदत सगळ्यांच्या तोंडी होती. राज्यात कर्मचाऱ्यांच्या रजा थांबल्या, लोकांनी घरात धान्य भरून ठेवलं. ३१ तारीख आली आणि गेली. अंतिम करार झाला नाही.

मग आलं १६ जून २०२० चं पत्र. राज्यपालांनी मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांना लिहिलं की राज्यात अर्धा डझनाहून अधिक संघटित सशस्त्र टोळ्या आपापलं ‘सरकार’ चालवताहेत, राज्य सरकारच्या वैधतेला आव्हान देताहेत, खंडणी आणि हिंसाचार चालू आहे आणि कायदा-सुव्यवस्था कोलमडली आहे. पुढे त्यांनी ३७१ अ या कलमाचा आधार घेतला आणि कायदा-सुव्यवस्थेशी संबंधित महत्त्वाच्या पदांवरच्या बदल्या-नेमणुका यापुढे राज्यपालांच्या मंजुरीने होतील, असं कळवलं.

हे कलम हवेतलं नव्हे. १९६२ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने ते आलं आणि वर्षभराने नागालँड राज्य झालं. त्यातला एक भाग सांगतो की नागा टेकड्यांमधली अंतर्गत अशांतता चालू आहे असं राज्यपालांना वाटेल तोवर कायदा-सुव्यवस्थेबाबत त्यांची विशेष जबाबदारी राहील. मंत्रिमंडळाशी सल्लामसलत करावी, पण निर्णय स्वतःच्या विवेकाने घ्यावा. बहुतेक राज्यांत राज्यपाल असा शब्द उच्चारूही शकत नाहीत. कलमाच्या शब्दांवर बोट ठेवलं तर रवी यांच्या हातात काही तरी होतं.

आणि पत्रातली वस्तुस्थिती खोटी होती का? दिमापूरच्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा. एका मालावर किती संघटनांना किती द्यावे लागतात याचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. खंडणीविरुद्ध नागालँडमध्ये लोकांनी स्वतः मोर्चे काढले आहेत, ‘एक सरकार, एक कर’ ही मागणी रस्त्यावर आलेली आहे. तेव्हा पत्र लिहिणाऱ्यातला पोलीस बरोबर बोलत होता, मध्यस्थ मात्र स्वतःचंच घर पेटवत होता. एनएससीएन (आयएम) ने ‘सशस्त्र टोळ्या’ हे शब्द उचलले आणि सांगून टाकलं, या माणसाशी आता बोलणं नाही. जुलैमध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांकडून ‘तुमच्या कुटुंबातलं किंवा नात्यातलं कुणी भूमिगत संघटनांत आहे का’ याची माहिती मागवली, तेव्हा तर आगीत तेलच पडलं. नागा समाजात कुळ आणि गाव यांची वीण इतकी दाट की ज्याच्या नात्यात कुणीच नाही असा कर्मचारी शोधायचा कुठे?

ऑगस्टमध्ये कराराचा मसुदा बाहेर आला तो या भांडणात. त्यानंतर एनएससीएन (आयएम) शी बोलायला आयबीचे अधिकारी पुढे आले आणि पुढे ती जबाबदारी आयबीतूनच निवृत्त झालेल्या ए. के. मिश्रा यांच्याकडे गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये रवी यांना चेन्नईला हलवलं गेलं. बदली हीच सरकारची कबुली होती, असं माझं मत.

रवी यांच्या जागी दुसरा कुणी असता तर? शक्य आहे की तोही हरला असता. ध्वजाचा तिढा एका माणसाने सुटणारा नाही. पण एकाच खुर्चीत मध्यस्थ आणि राज्यपाल बसवण्याचा निर्णय दिल्लीचा होता, आणि त्याचा जाब रवी यांच्या स्वभावाला विचारून चालणार नाही. नगर परिषदेच्या भांडणातसुद्धा आपण लवाद आणि फौजदार एकच माणूस नेमत नाही.

गिंडी

चेन्नईचं राजभवन गिंडीत आहे, हरणं फिरतात अशा रानाला लागून. १८ सप्टेंबर २०२१ रोजी रवी यांनी तिथे शपथ घेतली. त्यांच्या आधी त्या खुर्चीत होते आपल्या नागपूरचे बनवारीलाल पुरोहित, जे आता पंजाबला जात होते. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तामिळनाडू म्हणजे नागालँडचं दुसरं टोक. इथे ३७१ अ नाही, भूमिगत सरकार नाही, राज्यपालांना कायदा-सुव्यवस्थेत लुडबुडीचा कणभर अधिकार नाही. उलट राज्यपालपदाबद्दल जुनी, पिढीजात अढी आहे. शेळीला दाढी कशाला आणि राज्याला गव्हर्नर कशाला, हा अण्णादुराईंचा सवाल तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. सत्तेत तेव्हा द्रमुक, मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन. ‘गुप्तवार्ता खात्यातला माणूस आपल्याकडे का पाठवला’ ही कुजबुज शपथेआधीच सुरू झाली होती.

तरीही रवी यांच्यातला पोलीस कायदा-सुव्यवस्थेचं खातं सोडेना. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोइम्बतूरला मोटारीत स्फोट झाला. त्यांनी जाहीर कार्यक्रमात तामिळनाडू पोलिसांची झटपट तपासाबद्दल पाठ थोपटली आणि त्याच भाषणात विचारलं, तपास केंद्राच्या राष्ट्रीय तपास संस्थेकडे (एनआयए) द्यायला चार दिवस का लागले? प्रश्न वावगा नव्हता. पण तो मुख्यमंत्र्यांना फोनवर विचारायचा असतो.

९ जानेवारी २०२३. विधानसभेत राज्यपालांचं अभिभाषण. हे भाषण मंत्रिमंडळ लिहितं, राज्यपाल वाचतात. रवी यांनी वाचताना पेरियार, आंबेडकर, कामराज, अण्णादुराई, करुणानिधी ही नावं आणि ‘द्रविडी प्रारूप’ हे शब्द असलेला भाग गाळला. चर्चा त्याचीच झाली. मला मात्र त्यांनी गाळलेलं दुसरं वाक्य जास्त बोलकं वाटतं: तामिळनाडू हे शांततेचं आगर आहे, अशा अर्थाचं. नावं गाळणं हा विचारसरणीचा भाग म्हणता येईल. शांततेचं प्रमाणपत्र द्यायला नकार देणारा मात्र जुना गुप्तवार्ता अधिकारी होता. स्वतः खातरजमा केल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही! पण अभिभाषण हा अहवाल नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसेल असं नाही. स्टॅलिन यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला की छापील मजकूरच कामकाजात नोंदवावा, आणि राज्यपाल राष्ट्रगीताची वाट न पाहता सभागृहाबाहेर पडले.

त्याच वर्षी २९ जूनच्या संध्याकाळी त्यांनी सक्तवसुली संचालनालयाच्या अटकेत असलेले मंत्री व्ही. सेंथिल बालाजी यांना परस्पर बडतर्फ केलं. मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याशिवाय! रात्र सरायच्या आत आदेश स्थगित झाला, कारण महान्यायवादींचं मत घ्या असा सल्ला केंद्रीय गृहमंत्र्यांकडून आला. निलंबनाचा आदेश काढणारा पोलीस अधीक्षक आणि मंत्र्याला काढणारा राज्यपाल यांत फरक आहे, हे त्या काही तासांत लख्ख दिसलं.

२५ ऑक्टोबर २०२३ ला राजभवनाच्या दरवाजापाशी पेट्रोल बॉम्ब फेकला गेला. यानंतर जे झालं त्याला तोड नाही. राजभवनाने जाहीर आरोप केला की पोलिसांनी गुन्हा सौम्य केला, आमची फिर्याद नीट घेतली नाही, आरोपीला घाईघाईने दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून खोल तपासाची वाट बंद केली. पोलीस महासंचालकांनी दोनच दिवसांत सीसीटीव्हीचं चित्रण पत्रकारांना दाखवून उत्तर दिलं की फेकणारा एकटा होता आणि त्याला आमच्या माणसांनीच धरलं. ज्याने उभं आयुष्य पोलीस खात्यात काढलं तो फिर्यादी, आणि त्याचंच खातं प्रतिवादी. तपास शेवटी एनआयएकडे गेला.

दाबून ठेवलेल्या फाइली

सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं ते प्रकरण मात्र विधेयकांचं. राज्यघटनेचं २०० वं कलम राज्यपालांना विधेयकाबाबत पर्याय देतं: संमती द्या, संमती रोखा, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवा. संमती रोखून फेरविचारासाठी परत पाठवलं आणि सभागृहाने पुन्हा मंजूर केलं तर संमती रोखता येत नाही. हे सगळं कधीपर्यंत करायचं, तर ‘शक्य तितक्या लवकर’. या तीन शब्दांत किती वर्षं मावतात, हाच सगळा खटला.

ऑनलाइन जुगारावर बंदी घालणारा वटहुकूम रवी यांनी १ ऑक्टोबर २०२२ ला काढला. तेच विधेयक होऊन त्याच महिन्यात आलं तेव्हा ते पडून राहिलं, वटहुकमाची मुदत संपली आणि मार्च २०२३ मध्ये विधेयक परत गेलं. सभागृहाने पुन्हा मंजूर केलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रवी यांनी नागरी सेवा परीक्षेच्या विद्यार्थ्यांपुढे सांगितलं की संमती रोखणं ही सभ्य भाषा झाली, त्याचा अर्थ विधेयक मेलं. १० एप्रिलला विधानसभेने राज्यपालांना मुदत घालून द्या असा ठराव केला, आणि काही तासांतच जुगारबंदीच्या विधेयकाला संमती मिळाल्याचं बाहेर आलं. फाईल टेबलावरच होती म्हणायची.

विद्यापीठांच्या कुलगुरू नेमणुकीचे अधिकार राज्यपालांकडून सरकारकडे आणणारी विधेयकं मात्र तशीच राहिली. त्यातली सर्वांत जुनी जानेवारी २०२० ची, म्हणजे पुरोहितांच्या काळातली. ऑक्टोबर २०२३ अखेर राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. १३ नोव्हेंबरला राज्यपालांनी दहा विधेयकांना संमती रोखली. १८ ला विशेष अधिवेशनात दहाही पुन्हा मंजूर झाली. २८ ला त्यांनी ती दहाही राष्ट्रपतींकडे रवाना केली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावणीत सरळ विचारलं होतं की तीन वर्षं राज्यपाल काय करत होते. गंमत पाहा, त्याच महिन्यात त्याच न्यायालयाने पंजाबच्या खटल्यात राज्यपालांना विधेयक अडकवून ठेवता येत नाही असं बजावलं. ते राज्यपाल होते बनवारीलाल पुरोहित.

आता प्रामाणिकपणे एक कबूल केलं पाहिजे. फाईल दाबून ठेवणं याला मी सुरुवातीला पोलिसी सवय समजत होतो. पण पुरोहित पोलीस नव्हते, ते वृत्तपत्राचे मालक आणि राजकारणी. आपल्या मुंबईत विधान परिषदेच्या बारा नियुक्त सदस्यांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये राजभवनात गेली, ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा असं सांगितलं, तरी सरकार पडेपर्यंत यादीवर सही झाली नाही. तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारीही पोलीस नव्हते. तेव्हा विधेयकं अडवणं हा रवी यांच्या वर्दीचा परिणाम मानता येत नाही. तो त्या खुर्चीचा, आणि खुर्ची देणाऱ्याच्या अपेक्षेचा परिणाम आहे. रवी यांचं वेगळेपण इतकंच की इतर गप्प बसून जे करत, त्याचं त्यांनी जाहीर समर्थन केलं. कोहिमात तोंड न उघडणारा माणूस चेन्नईत बोलायचा थांबेना, हा बदल मला अजून पुरता उलगडलेला नाही. ‘तामिळनाडू’पेक्षा ‘तमिळगम’ हा शब्द योग्य, हे त्यांचं विधान आणि दोन आठवड्यांनी त्यावर करावा लागलेला खुलासा हे त्याचंच उदाहरण. मध्यस्थाला मौनाची किंमत कळते. राज्यपालालाही तीच कळायला हवी होती.

८ एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी निकाल दिला: दहा विधेयकं राष्ट्रपतींसाठी राखणं बेकायदा होतं. पूर्ण न्यायासाठी न्यायालयाला खास अधिकार देणाऱ्या १४२ व्या कलमाखाली ती संमत झाली असं मानलं जाईल. आणि राज्यपालांना एक ते तीन महिन्यांच्या मुदती. न्या. महादेवन हे नाव पुदुच्चेरीकरांना आठवत असेल. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात, नायब राज्यपाल किरण बेदी यांना दैनंदिन कारभारात ढवळाढवळ करता येणार नाही, हा निकाल त्यांचाच होता. पुढच्या वर्षी खंडपीठाने तो फिरवला. तामिळनाडूने तीन-चार दिवसांत दहा कायदे राजपत्रात छापले, राज्यपाल वा राष्ट्रपती कुणाच्याही सहीविना. देशात असं पहिल्यांदाच घडलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २१ मे रोजी मद्रास उच्च न्यायालयाने कुलगुरूंसंबंधीच्या तरतुदींना स्थगिती दिली. त्याआधी १३ मे रोजी राष्ट्रपतींनी एप्रिलच्या निकालावरून सर्वोच्च न्यायालयाला चौदा प्रश्न विचारले होते. अमरावतीचे भूषण गवई तेव्हा सरन्यायाधीश होत होते. त्यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मत दिलं: न्यायालय राज्यपालांना ठरावीक मुदत घालू शकत नाही, ‘मानीव संमती’ घटनेत बसत नाही. मात्र कारण न देता विधेयक अनंत काळ अडकवता येणार नाही, नुसती संमती रोखून सभागृहाकडे परत न पाठवणंही चालणार नाही, आणि दिरंगाई फार झाली तर न्यायालय ‘निर्णय घ्या’ एवढं सांगू शकतं. काय निर्णय घ्या, हे नाही. एप्रिलच्या निकालाने जी किल्ली राज्यांना दिली होती ती बहुतांशी परत घेतली गेली. रवी जिंकले म्हणायचे का? न्यायालयाने त्यांच्या तीन वर्षांना बरोबर म्हटलेलं नाही. पण पुढच्या राज्यपालाच्या हाती घड्याळही बांधलं नाही.

एवढ्या रणधुमाळीत मद्रास विद्यापीठाला ऑगस्ट २०२३ पासून कुलगुरू नव्हता, कोइम्बतूरच्या भारतियार विद्यापीठाला ऑक्टोबर २०२२ पासून. कारभार समित्यांवर चालला.

घटनापीठाच्या मताच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यात हेलिकॉप्टर उतरलं. त्यातून नव्वदी ओलांडलेले थुईंगालेंग मुईवा उतरले. पन्नासहून अधिक वर्षांनी ते आपल्या जन्मगावी, सोमदलला, आले होते, आणि अख्खा डोंगर त्यांना पाहायला लोटला होता. दहा वर्षांपूर्वी रवी यांच्यासोबत त्यांनी सही केलेला चौकट करार अजून चौकटच आहे. ध्वज आणि घटना, दोन्ही मागण्या त्यांनी सोडलेल्या नाहीत.